वाचकांचे प्रश्न : ज्याचा आठवडा बरा, त्याने फोन करायचा

मागच्या अंकात मी माझ्या लेकीच्या आजाराबद्दल, ली सिंड्रोमबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं पूर्ण पान त्यालाच दिलंय. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, खाल्लेल्या अन्नापासून शरीराला लागणारी ताकद तयार करणारे. ते नीट चालले नाहीत की ज्यांना सगळ्यात जास्त ताकद लागते ते अवयव आधी थकतात, म्हणजे मेंदू, स्नायू, हृदय, डोळे. ली सिंड्रोम हा त्यातलाच एक प्रकार, १९५१ साली डेनिस ली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याची नोंद केली. बहुतेक घरांमध्ये गोष्ट सारखीच असते, बाळ छान बसत असतं, दोन शब्द बोलत असतं, मग एक साधा ताप येतो आणि ताप उतरल्यावर ते बसत नाही. आमच्याकडे पण असंच झालं. लेक आता अकरा वर्षांची आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, जे लिहिते ते आई म्हणून.

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी ली सिंड्रोम निघालं. दवाखान्यात भेटलेल्या एका आईने मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. आधी खूप बरं वाटलं, आता मात्र फोन हातात घेतला की छातीत धडधडतं. कोणाचं मूल व्हेंटिलेटरवर आहे, कोणी सांगतं हे औषध इतकं इतकं द्या आमचा उभा राहायला लागला. मिस्टर म्हणतात सोडून दे तो ग्रुप. सोडू का? — एक आई, कराड

अगं, सोडू नकोस. तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, तुझं पत्र वाचून तुला अहो म्हणवेना. ग्रुप म्यूट कर, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी बघ, आणि रात्री नऊनंतर अजिबात उघडू नकोस. पण सोडू नकोस, कारण मी ते पहिलं वर्ष एकटीने काढलंय आणि ते कसं जातं ते मला माहितेय.

आमचं निदान झालं तेव्हा मला अशी एकही आई माहीत नव्हती. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या तपासणीच्या, खोलीबाहेर बाकावर बसून मी चमच्याच्या पाठीने गोळी चुरत होते, अर्धी पावडर उडून जात होती, शेजारी एक बाई बसल्या होत्या त्यांच्या मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा. त्यांनी काही न बोलता पिशवीतून छोटासा पितळी खल काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, ताकदीसाठी देतात ती कोएन्झाइम क्यू टेनची कॅप्सूल आहे ना, ती तशी गिळवू नका, टाचणीने भोक पाडून तूपभातात पिळा, ते तुपाबरोबरच अंगी लागतं. आणि बी टू व्हिटॅमिनमुळे लघवी एकदम पिवळीजर्द होईल, घाबरू नका. दहा मिनिटं बोललो असू. पण मागच्या तीन आठवड्यांत कोणीतरी पहिल्यांदाच मला "देव बघतोय" असं न सांगता उद्या सकाळी काय करायचं ते सांगितलं होतं. माझ्या आकाशी ओढणीवर त्या कॅप्सूलचे केशरी डाग पडले ते अजून गेले नाहीत, ओढणी मी ठेवलीय.

तर ग्रुपचा उपयोग हा असा आहे. आता त्याचा धोका पण सांगते, तुझी धडधड उगीच नाहीये. दुसऱ्याच्या मुलाचा डोस कधीही, कधीही आपल्या मुलाला द्यायचा नाही. आजाराचं नाव एक असलं तरी मुलं एकसारखी नसतात, आणि या आजारात तर अजिबातच नसतात. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि एकाच पेशीत त्याच्या शेकडो हजारो प्रती असतात, काही चांगल्या काही बिघडलेल्या. सुपात तांदूळ घेऊन बघ, एका मुठीत दोन खडे येतील, दुसरीत दहा. तांदूळ त्याच पोत्यातले. म्हणून एकाच आईच्या दोन मुलांत सुद्धा एक शाळेत जातो आणि दुसऱ्याला मान धरता येत नाही असं होऊ शकतं. काही मुलांचा दोष या डीएनएमध्ये नसतोच, तो पेशीच्या मुख्य डीएनएमध्ये असतो, तिथे तर गोष्टच वेगळी. मग त्या ताईंच्या मुलाला जे लागू पडलं ते तुझ्या मुलाला पडेलच असं कोणी कसं सांगेल? आणि काही औषधं तर उलटतात. फिट्ससाठी सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट, ते पीओएलजी नावाच्या जीनमध्ये दोष असलेल्या मुलांचं लिव्हर निकामी करू शकतं. म्हणून ग्रुपवर डोस वाचलास की पुढे सरक.

पण ग्रुपमधून एक गोष्ट जरूर घ्यायची, ती म्हणजे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. एक उदाहरण देते. एमआरआयमध्ये अगदी ली सारखाच दिसणारा एक आजार आहे, एसएलसी१९ए३ या जीनचा, आणि तो बायोटिन आणि थायमिन या दोन साध्या व्हिटॅमिनने खूप सुधारतो, वेळेत दिलं तर. आता ग्रुपवर कोणी लिहिलं की आमचा बायोटिनने उठून बसला तर ते खोटं नसेल. तू दुकानातून बायोटिन आणायचं नाही, तू डॉक्टरांना विचारायचं, आमच्या मुलाला ही दोन देऊन बघितली का, आणि जीन रिपोर्टमध्ये तो आजार नाही ना हे बघितलं का. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

आणि अजून एक काम याच आठवड्यात कर. डॉक्टरांकडून एक पानाचं इमर्जन्सी पत्र लिहून घे. आजाराचं नाव, वजन, कोणती औषधं द्यायची नाहीत, कोणतं सलाईन चालतं कोणतं नाही, ऑपरेशनसाठी किंवा भुलीसाठी उपाशी ठेवायचं तर किती वेळ आणि तेवढ्यात साखरेचं सलाईन लावायचं का. या मुलांना उलट्या-ताप सुरू झाला आणि पोटात काही राहीना की घरी थांबून चालत नाही, साठवलेली ताकदच नसते त्यांच्याकडे. रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर असतो, त्याने हा आजार पुस्तकातच वाचलेला असतो, त्याला तू रडत समजावणार की पत्र हातात देणार? माझ्या लेकीचं पत्र लॅमिनेट करून दाराच्या मागे टांगलंय, एक माझ्या पर्समध्ये, एक शेजारच्या काकूंकडे. हे मला ग्रुपमधल्याच एका आईने शिकवलं. त्यांच्याकडे पत्र नव्हतं तेव्हा एका रात्रीत त्यांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं होतं, ते इथे लिहीत नाही.

राहिली तुझी भीती, दुसऱ्यांच्या मुलांचं वाचून येणारी. आम्ही पाच घरांनी आपसात एक ठरवून घेतलंय, ज्याचा आठवडा बरा त्याने फोन करायचा. ज्याच्याकडे ॲडमिट आहे, ज्याच्याकडे फिट्स थांबत नाहीयेत त्याने कोणालाही काहीही कळवायची गरज नाही, मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही. त्या आठवड्यात त्याला उचलायचं काम बाकीच्यांचं. आणि ज्याचं मूल हसतंय खेळतंय त्याने ते सांगायला लाजायचं नाही. तू पण त्या मोठ्या ग्रुपमधून अशा दोनच आया शोध, शक्यतो तुझ्या मुलाच्या वयाच्या मुलाच्या, आणि त्यांच्याशी मेसेजवर नाही, फोनवर बोल.

नमस्कार. आमच्या मुलीला सर्फ-१ जीनचा दोष निघाला आहे. नातेवाईकांनी कुठेतरी वाचलं की हा आजार आईकडून येतो, तेव्हापासून घरात माझ्या बायकोला टोमणे चालू आहेत. माझी आई तर सरळ म्हणते हिच्या माहेरचं आहे. बायको बोलणं बंद झाली आहे. मला पण कोणाशी बोलता येत नाही, पुरुषांचे असे ग्रुप असतात का? — एक बाबा, नाशिक

भाऊ, रिपोर्ट बाहेर काढा आणि परत वाचा. सर्फ-१ हा जीन मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधला नाहीच, तो आपल्या नवव्या क्रोमोसोमवर आहे. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बाबांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस अगदी ठणठणीत असतो, तुमच्यासारखा आणि तुमच्या बायकोसारखा. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. म्हणजे अर्धा दोष तुमच्याकडून आलाय आणि तो तुम्हाला तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला असणार. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाहीये हं, कोणाचाच गुन्हा नाही हा, पण तुमच्या घरात जे चाललंय ते चूक आहे आणि ते थांबवायची जबाबदारी तुमची आहे, तुमच्या बायकोची नाही. तिने स्वतःची बाजू मांडायची वेळच येऊ नये.

"आईकडून येतो" हे लोकांनी वाचलेलं असतं ते अर्धवट असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये फक्त ३७ जीन आहेत, ते खरंच आईकडूनच येतात. पण मायटोकॉन्ड्रिया चालवायला हजारावर प्रथिनं लागतात आणि ती जवळजवळ सगळी मुख्य डीएनएमधून येतात, म्हणजे आई-बाबा दोघांकडून. लहान मुलांमध्ये निघणाऱ्या केसेसमध्ये हेच जास्त असतं. आणि समजा आईकडूनच आला असता, तरी काय? तिने काय बाजारातून निवडून आणला होता का?

तुमच्या आईला तुम्ही कितीही समजावलं तरी त्या म्हणतील बायकोची बाजू घेतोय. म्हणून त्यांना घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जा, कागदावर दोन गोल आणि दोन चौकोन काढून समजावतात ते, ते चित्र आमच्या सासऱ्यांनी खिशात घालून आणलं होतं आणि गावाकडे भावकीला दाखवलं होतं. मुंबईला केईएम हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं केंद्र आहे, तिथे विचारा. पुढचं मूल हवं असेल तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते आजाराची, पण जीन माहीत असल्यामुळे दिवस गेल्यावर अकरा-तेरा आठवड्यांच्या सुमारास तपासणी करता येते. हे पण त्याच भेटीत विचारून घ्या. आणि भावकीत मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होत असतील तर बाकीच्या तरुण मुलांना पण हे कळायला हवं, ओरडून नाही, शांतपणे.

आता पुरुषांचा ग्रुप. असतात म्हणजे, बाबालोकांना ग्रुपवर घेतलं तर ते गुड मॉर्निंग टाकतात आणि गप्प बसतात, हे मी पाहिलंय. त्यांना काम लागतं. माझ्या मिस्टरांनी चार वर्षं कोणाशी एक अक्षर काढलं नव्हतं. मग एक दिवस साताऱ्याच्या एका बाबांचा फोन आला, मुलीच्या व्हीलचेअरचं पुढचं चाक कुठे बदलून मिळालं एवढंच विचारायला. चाकाचं बोलणं दोन मिनिटांत झालं असेल. हे गॅलरीत जाऊन एक तास दहा मिनिटं बोलत होते, मी आतून घड्याळ बघत होते, आणि आत आले तेव्हा डोळे लाल होते, मला म्हणाले, त्याला पण ऑफिसमधून घरी यायची भीती वाटते. मला नवऱ्याबद्दल हे माहीतच नव्हतं. तुम्ही पण कोणालातरी चाकाचं विचारा भाऊ. आणि त्याआधी आज रात्री बायकोशेजारी बसून तो रिपोर्ट तिला वाचून दाखवा, मोठ्याने, आई ऐकतील असा.

दाखला आणि सरकारी योजनांचं काय? यादीत आमच्या आजाराचं नावच नाही. — लातूर

दाखला आजाराच्या नावाने मिळत नाही, अपंगत्वाच्या प्रकाराने मिळतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, तुमच्या मुलाला चालता येत नसेल, बुद्धीवर परिणाम असेल, ऐकू येत नसेल, जे असेल त्यात बसवतात, एकापेक्षा जास्त असेल तर बहुविकलांग. ऑनलाइन यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा आणि सिव्हिलला तपासणीला जा. तो हातात आल्यावर निरामय योजनेचं बघा, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांग यांना एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपी पण येते. नोकरीत असाल आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर ८०डीडी खाली ७५ हजारांची वजावट, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची. आणि सल्ला एकच, प्रत्येकाने वेगळं शिकत बसू नका. आमच्या पाच घरांत एक बाबा बँकेत आहेत, सगळ्यांचे फॉर्म तेच भरतात, त्यांच्या मुलाला फिजिओला न्यायचं काम मंगळवारी दुसरी आई करते.

माझी नात पुण्याला असते, सहा वर्षांची. तिला पोटात नळी आहे, रात्री दोनला पण दूध द्यावं लागतं. सून चार वर्षांत एक रात्र सलग झोपली नाही. मी म्हणते मी करते, तर नको म्हणते. तिचा माझ्यावर विश्वास नाही का? मी नातीसाठी संकष्टी धरते, आणखी काय करू? — एक आजी, चिपळूण

आजी, तुम्हाला आधी नमस्कार. तुमच्यासारखी सासू लाखात एक.

विश्वासाचं नाही हो हे. चार वर्षं दोन वाजता उठणाऱ्या बाईला आता झोपायचीच भीती वाटते. माझं झालेलं. मला वाटायचं मी झोपले आणि काही झालं तर. या मुलांना जास्त वेळ उपाशी ठेवता येत नाही, म्हणून ते दोनचं दूध म्हणजे तिच्यासाठी नुसतं दूध नाहीये. "मी करते, तू झोप" असं म्हणू नका. "मला शिकव" म्हणा. आठ दिवस तिच्यासोबत दोनला उठा, नुसतं बघा. नळी लावायच्या आधी ती काय तपासते, डोकं किती वर उचलते, सिरिंज किती हळू सोडते, नंतर पाणी किती घालते. मग आठ दिवस तुम्ही करा आणि ती बघेल. मग ती दारात उभी राहील. मग एक दिवस ती उठणार नाही. आमच्याकडे माझ्या आईने हेच केलं, कालनिर्णयवर प्रत्येक तारखेखाली दूध किती वाजता किती एमएल ते पेन्सिलने लिहायची, तिची अक्षरं बघूनच मला सकाळी धीर यायचा. पंधराव्या दिवशी मी साडेसहाला जागी झाले, बाहेर उजाडलेलं होतं, आणि मी धावत गेले तर आई लेकीची वेणी घालत होती.

संकष्टी तुमची तुम्ही खुशाल करा, फक्त नातीला प्रसादापर्यंत थांबवू नका, तिचं ठरलेलं वेळेवर.

आणि अजून एक, चिपळूणला किंवा जवळपास असं मूल असलेलं घर असेल तर तिथल्या आजीला जाऊन भेटा. आया एकमेकींना शोधतात, आज्यांना कोणी शोधत नाही. त्यांना दुहेरी दुखतं, नातीचं पण आणि लेकाचं पण.

माझा मुलगा जाऊन आठ महिने झाले. पाच वर्षांचा होता. मी अजून ग्रुपवर आहे. काही लिहीत नाही, पण बाहेर पडवत नाही. नवीन आया माझं नाव बघून घाबरत असतील असं वाटतं. घरात त्याचं नाव आता कोणी काढत नाही. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. — एक आई, कोल्हापूर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

ग्रुप सोडू नका. म्हणजे तुम्हाला सोडावासा वाटला तर जरूर सोडा, पण दुसऱ्यांसाठी म्हणून नको. ती तुमची जागा आहे, मूल गेलं म्हणून आईची जागा जात नाही. घाबरतात हे खरं आहे, मी पण घाबरायचे, खोटं कशाला बोलू. मग आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा गेला, आणि तीन महिन्यांनी त्या माझ्या लेकीसाठी त्याची बसायची खुर्ची घेऊन आल्या. रिक्षातून आणली होती, जुन्या साडीत गुंडाळून. पट्टे धुतलेले, इस्त्री केलेले. छातीच्या पट्ट्याला त्यांनी जास्तीची दोन भोकं पाडलेली होती, तो बारीक होत गेला तशी. म्हणाल्या, हिला अजून बाहेरच्याच भोकात येईल. आम्ही दोघींनी मिळून लेकीला त्यात बसवलं आणि त्यांनी पट्टा लावला, मला लावू दिला नाही. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटत नाही, आणि पीआयसीयूच्या, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूच्या, बाहेर बसायची वेळ येते तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांनाच फोन करते, कारण त्या "काही होत नाही" असं म्हणत नाहीत. त्या विचारतात, जेवलीस का, मी निघू का.

तुम्हाला आत्ता कोणासाठी काही करायची गरज नाही. खुर्ची द्यायची गरज नाही, लिहायची गरज नाही. औषधांचा डबा, सिरिंज, जे जिथे आहे तिथेच राहू दे, हलवायला कोणी सांगितलं तरी. नुसत्या असा. आणि घरात नाव निघत नाही ना, ते मुद्दाम नसतं बहुतेक वेळा, प्रत्येकाला वाटतं आपण काढलं तर तिला त्रास होईल. तुम्हीच एकदा काढून बघा, जेवताना, साधं काहीतरी, त्याला हे आवडायचं असं.

वाढदिवसाची तारीख मला कळवा, त्याचं नाव पण, आणि घरी त्याला काय म्हणायचात ते. मासिकाच्या पत्त्यावर कळवलं तरी माझ्यापर्यंत येईल. माझा आठवडा बरा चाललाय. त्या दिवशी सकाळी मी फोन करेन, तुम्ही नाही उचललात तरी चालेल, मी संध्याकाळी परत करेन.